दारात गाडी असलेले गरीब

‘अमेरिकेत कसली आलीय गरिबी? दारात गाडी, घरात फ्रीज, वर फूड स्टॅम्प!’ न्यू जर्सीतल्या मराठी मित्रांत हे वाक्य मी टाळ्या घेत म्हटलं आहे. मी पुण्याचा. १९७१ मध्ये तिथेच वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्यरेषा उष्मांकांवर मांडली. गरीब म्हणजे ज्याला पोटभर मिळत नाही तो, एवढीच माझी समज होती.

एकदा सुपरमार्केटच्या रांगेत पुढच्या बाईला फूड स्टॅम्पच्या, म्हणजे अन्नखरेदीच्या सरकारी कार्डावर गरम भाजलेली कोंबडी मिळेना. तीच थंड करून ठेवलेली असती तर नियमात बसली असती. डायपर, साबण तर बसतच नाहीत. आणि मी काय पाहत होतो? तिच्या हातातला फोन. आज ते आठवलं की लाज वाटते.

माझं मत बदललं ते मात्र दयेनं नव्हे, हिशेबानं. जुलै २०२१ पासून सरकारनं मुलांमागे दरमहा पैसे थेट खात्यात टाकले. सहा वर्षांखालच्या मुलाला ३०० डॉलर, मोठ्याला २५०. कमाई नसलेल्या आईबापांनाही. आमच्याकडेही ५५० यायचे, ते मुलीच्या पोहण्याच्या क्लासला जायचे. ‘टॅक्स क्रेडिट आलं’, असं आम्ही म्हणायचो. फुकटे, ऐतखाऊ हे माझे लाडके शब्द तेव्हा कुठे गेले होते कोण जाणे.

डिसेंबरनंतर हप्ते बंद झाले. पुढे जनगणना खात्याचे आकडे आले. सरकारी मदत धरून मोजणाऱ्या पूरक मापानुसार गरीब मुलं २०२१ मध्ये ५.२ टक्के होती, २०२२ मध्ये १२.४. मी पुन्हा वाचलं. महागाई वाढली होती, कोविडची इतर मदतही संपली होती, हे खरं. पण गरिबी म्हणजे आळस, हे माझं म्हणणं खरं मानायचं तर एका वर्षात लाखो आईबाप एकदम आळशी झाले होते काय?

जुन्या अधिकृत मापात तर हा फरक दिसतच नाही. तिथे १५.३ चे १५.० झाले. मॉली ओर्शान्स्की यांनी साठच्या दशकात स्वस्तात स्वस्त जेवणाच्या खर्चाला तिनानं गुणून हे माप काढलं, कारण तेव्हा कुटुंबाच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा खाण्यावर जाई. पुढे त्यात मुख्यतः महागाईची भर पडत गेली. टॅक्स क्रेडिट आणि फूड स्टॅम्प ते मोजतच नाही. म्हणजे पोटावरून गरिबी ओळखण्यात मी एकटा नव्हतो.

गाडीचंही तेच. आमच्या भागात बस जवळपास नाहीच. गाडी विकली की नोकरी गेली. ती श्रीमंतीची खूण नव्हे, कामावर पोचायचा खर्च आहे.

हप्ते पुन्हा सुरू करायला विरोध करणाऱ्यांचा एक मोठा मुद्दा होता, की लोक काम सोडतील. दरमहा ५५० डॉलर येत असताना आमच्या घरात कोणी काम सोडलं नव्हतं.