मागितलेली कुमक

टायफॉइडमध्ये फोन हातात धरायचंही त्राण नव्हतं. ताप उतरल्यावर सहज ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ हा मोबाइलवरचा खेळ उघडला, तर माझा क्लॅन कॅसल, म्हणजे क्लॅनमधल्या म्हणजे गटातल्या खेळाडूंनी पाठवलेली फौज ठेवायचा किल्ला, भरलेला. आजारी पडायच्या आधी मागितलेली कुमक कुणी कुणी पाठवून ठेवली होती. किती बरं वाटलं! जरा जास्तच वाटलं म्हणा.

2012 साली आलेल्या या खेळात तो किल्ला आधी पडका असतो. 10,000 सोनं ओतून उभा केला की मगच क्लॅनमध्ये शिरता येतं. आपली पहिली डागडुजी इतरांची फौज ठेवून घ्यायला असते, हे मला आवडतं.

एका क्लॅनमध्ये फार तर 50 जण. दार उघडं ठेवलं की माणसं येतात, फौज मागतात, घेतात आणि निघून जातात. टिकणारी कशाने टिकतात? ‘एल्डर’ हा हुद्दा दिल्याने काही दिवस हुरूप येतो, एवढंच. युद्धात प्रत्येकाला दोन हल्ले मिळतात. ते न करणाऱ्याला बहुतेक क्लॅन हाकलतात. आमचा म्होरक्या आधी विचारतो, “बरा आहेस ना रे?” त्यापायी आम्ही पुष्कळ हरतो.

तरीही टिकून राहणं ही निष्ठा की नुसती सवय, कोण जाणे. एक जण कित्येक महिने फिरकलेला नाही. त्याचं खरं नावही कुणाला माहीत नाही. त्याची जागा नव्या मुलाला द्यावी, असं काहींचं म्हणणं आहे. माझं मत अजून ठरत नाही.