सुरुवात कुठून करावी

दादा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला. त्यानंतर माळ्यावरची त्याची पत्र्याची ट्रंक खाली काढण्याचे काम मी आणि त्याची मुलगी, आम्ही दोघेही टाळत आलो होतो. मागच्या उन्हाळ्यात ती पुण्याहून आठ दिवसांसाठी आली आणि तिनेच शिडी लावली. ट्रंकेत दादाची प्रमाणपत्रे, एक बिघडलेला ट्रान्झिस्टर आणि जुन्या चादरीत गुंडाळलेले इंद्रजाल कॉमिक्सचे बेचाळीस अंक निघाले. तिने ते फरशीवर पसरले. वेताळ एकीकडे, मँड्रेक दुसरीकडे, बहादूर खिडकीपाशी अशी वर्गवारी केली आणि फ्लॅश गॉर्डनच्या अकरा अंकांचा गठ्ठा हातात घेऊन विचारले, "काका, यातला पहिला कोणता? कुठून सुरू करू?"

प्रश्न साधा होता. मला मात्र उत्तर देता येईना. आमच्या लहानपणी हा प्रश्नच कधी पडला नव्हता.

टाइम्स ऑफ इंडियाच्या समूहाने १९६४ च्या मार्चमध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि १९९० मध्ये ते बंद पडले. या सव्वीस वर्षांत सुमारे आठशे अंक निघाले. त्यांत नायक अनेक, आणि प्रत्येकाची कथा इतरांच्या कथांमध्ये विखुरलेली. या आठवड्यात वेताळ, पुढच्या वेळी रिप कर्बी, मग कधीतरी फ्लॅश गॉर्डन. अंकावरचा क्रमांक पाहून कथेचा क्रम लावावा म्हटले तर तेही शक्य नव्हते. मूळ अमेरिकी चित्रपट्ट्यांतून संपादकांना योग्य वाटेल ती कथा उचलली जाई, पानांच्या हिशेबात बसवण्यासाठी तिच्या काही चौकटी गाळल्या जात, आणि मग ती आपल्यापर्यंत पोहोचे. आपल्यापर्यंत म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात. गुलमंडीजवळच्या एका दुकानात अंक दिवसाच्या भाड्याने मिळत. विकत घ्यायचे तर रविवारी जाफर गेटच्या बाजारात रद्दीच्या ढिगातून निवडून घ्यावे लागत, आणि तिथे मुखपृष्ठ शाबूत असणे हीच मोठी चैन होती.

वेताळाचे यात काही अडत नसे. ली फॉकने एक युक्ती करून ठेवली होती. उशिरा आलेल्या वाचकासाठी तो कथेच्या आरंभी कवटीवर घेतलेली शपथ, पिढ्यानपिढ्या चालत आलेला वारसा, सारे दोन-तीन चौकटींत पुन्हा सांगून टाकी. कीर्तनाला उशिरा आलेल्या माणसालाही बुवा पूर्वरंगाचा धागा हाती देतात, तसे. फ्लॅश गॉर्डनमध्ये हे सौजन्य नव्हते. पहिल्याच चौकटीत यान कोसळत असे आणि डॉक्टर झारकॉव्ह कोण, डेल आर्डन कोण, हे आपले आपण समजून घ्यायचे. मी ते दादाला विचारून समजून घेतले. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा होता आणि त्याला सर्व माहीत असे.

निदान माझी तशी समजूत होती. फ्लॅश गॉर्डनचा जो पहिला अंक मी वाचला त्याची शेवटची चार पाने नव्हती. फ्लॅश आणि झारकॉव्ह परक्या ग्रहावर अडकलेले, यान नादुरुस्त, आणि अंक संपला. मी रडकुंडीला आलो. दादा म्हणाला, त्याने हा अंक पूर्वी पूर्ण वाचला आहे. इंधनाच्या नळीत कचरा अडकला होता. झारकॉव्हने खिशातून स्टोव्हची पिन काढली, नळीला पिन मारली, भक्कन निळी ज्योत आली आणि यान उडाले. आमच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह होता आणि त्याला पिन मारण्याचे काम दादाकडेच होते. त्यामुळे मला यात काहीच खटकले नाही. अंतराळवीर पिन जवळ बाळगतात हे ज्ञान मी पुढे वर्गातही वाटले.

काही वर्षांपूर्वी जुन्या चित्रपट्ट्यांच्या एका पुनर्मुद्रणात ती कथा मला अचानक सापडली. यान दोन चौकटींत दुरुस्त होते, कसे ते कोणी सांगत नाही, आणि पिनेचा अर्थातच पत्ता नाही. दादाने तो अंक पूर्ण कधीच वाचला नव्हता. त्याला फोन करून चिडवायचे मी ठरवले, नंतर विसरलो, आणि मग ते राहूनच गेले.

तर पुतणीला काय सांगावे? फ्लॅश गॉर्डनमध्ये शिरण्याची मुख्य दारे तीन. पहिले ७ जानेवारी १९३४ चे. अॅलेक्स रेमंडच्या रविवार-पानात मोंगो हा ग्रह पृथ्वीवर आदळायला निघालेला असतो आणि झारकॉव्ह फ्लॅश व डेल यांना पिस्तुलाच्या धाकाने यानात चढवतो. दुसरे १९५१ चे, डॅन बॅरीचे. त्याने दैनंदिन पट्टी जवळजवळ नव्याने मांडली. मोंगोच्या राजवाड्यांऐवजी नजीकच्या भविष्यातील अंतराळप्रवास आणला, आणि पुढे काही वर्षे हॅरी हॅरिसनसारख्या विज्ञानकथाकाराने तिच्या संहिता लिहिल्या. आमचा फ्लॅश गॉर्डन मुख्यत्वे हाच. तिसरे दार ऑक्टोबर २०२३ चे. डॅन श्केड या चित्रकाराने तेव्हा दैनंदिन पट्टी पुन्हा सुरू केली.

माझा कौल दुसऱ्या दाराला. रेमंडची रेषा श्रेष्ठ आहे, यात वाद नाही. जॉर्ज लुकासला मुळात फ्लॅश गॉर्डनवरच चित्रपट करायचा होता, हक्क मिळाले नाहीत म्हणून त्याने १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' केला. त्या आकर्षणाचे मूळ रेमंडमध्येच आहे. पण ती रेषाही पहिल्या पानापासून तशी नाही, ती दोन-तीन वर्षांत घडत गेली. शिवाय तिथे मिंग आहे. मोंगोचा हा क्रूर सम्राट म्हणजे पौर्वात्य माणसाविषयीच्या तत्कालीन पाश्चात्त्य भयगंडाचे चित्र आहे. लांब मिशा, तिरपे डोळे, रेशमी झगा. वाचक मालिकेत रुळल्यावर ती पाने इतिहास म्हणून, अस्वस्थ होत, वाचू शकतो. पहिल्याच भेटीत ती हाती ठेवली तर पुस्तक मिटण्याचीच शक्यता अधिक.

मी तिला अजिंठ्याचा दाखला दिला. आमच्याकडच्या माणसाला तो द्यावाच लागतो. शाळेच्या सहलीत आम्ही क्रमांक एकच्या लेण्यापासून सुरुवात केली आणि तेच सर्वांत जुने असे धरून चाललो. प्रत्यक्षात ते क्रमांक वाटेच्या सोयीने दिलेले आहेत. सर्वांत प्राचीन लेणी मध्येच, नवव्या-दहाव्या क्रमांकाच्या आसपास आहेत, आणि पहिले लेणे त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी, वाकाटककाळात, खोदले गेले. सतराव्या लेण्यात तर जातककथांचे प्रसंगही सरळ कालक्रमाने येत नाहीत. एका स्थळी घडलेले प्रसंग भिंतीवर एकत्र येतात, मग ते कथेत आधीचे असोत की नंतरचे. भिंतीसमोर उभ्या राहिलेल्याने कुठूनही सुरू करावे आणि कथा जुळवत जावे.

हे सर्व तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "काका, तुम्हाला मधूनच वाचावं लागलं, कारण दुसरं काही मिळतच नव्हतं. त्याचं आता तत्त्वज्ञान कशाला करता? मला सुरुवात मिळत असेल तर मी का सोडू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. अभावात घडलेल्या सवयीला अभिरुचीचे नाव देणे हा आमच्या पिढीचा दोष असावा. फाटक्या अंकांनी आमची कल्पनाशक्ती वाढवली, असे आम्ही कौतुकाने सांगतो. त्या अंकांमुळे किती मुलांनी वाचनच सोडले असेल, ते मोजायला कोणी बसत नाही. माझ्या बाबतीत पाने गळाली तरी वाचन टिकले, ते फाटक्या पानांमुळे नव्हे. शेजारी खोटे बोलणारा एक भाऊ होता म्हणून.

शेवटी तिने गठ्ठ्यातून स्वतःच एक अंक काढला. योगायोग वगैरे काही नाही. तो सर्वांत खिळखिळा होता म्हणून वरच होता. अर्ध्या तासाने तिने मान वर केली. "पुढची पानं नाहीत. काय झालं मग?"

मी तिला पिनेची गोष्ट सांगितली. दादाने सांगितली तशीच, निळ्या ज्योतीसह. ती हसली. मग म्हणाली, "आमच्या घरी मिक्सर बिघडला तरी बाबा आधी पिनच शोधायचे." थोडा वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. मूळ कथेत काय आहे तेही मी तिला सांगितले. ते सांगायला हवेच होते. तिने विचार करून निर्णय दिला की बाबांचा शेवट अधिक शास्त्रीय आहे, निदान यान कसे सुरू झाले ते तरी त्यात कळते.

जाताना तिने तो फाटका अंक मागून घेतला, आणि माझ्या आग्रहाखातर बॅरीच्या पट्ट्यांचा खंडही. परवा तिचा फोन आला. बॅरीचा खंड संपला होता, आणि रेमंडचा पहिला खंड मागवू का, असे ती विचारत होती. मागव, म्हटले. मिंगच्या पानांशी पोहोचलीस की मात्र मला फोन कर.