नळ्या, ग्रीस आणि आजी

पानशेतच्या वाटेवरच्या एका ओढ्यात गेल्या पावसाळ्यात माझी मोटारसायकल बुडाली, आणि मी मूर्खासारखा स्टार्टर दाबत बसलो. सिलिंडरात शिरलेलं पाणी हवेसारखं दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकला. वारज्याच्या मिस्त्रींनी तो माझ्या हातात ठेवला, "घ्या, आठवण!" शिकवण्यांचे चार महिन्यांचे पैसे त्या आठवणीत गेले.

यंदा तयारी त्यांच्याच हाताखाली केली. एअर फिल्टरच्या डब्याच्या कडांना ग्रीस, प्लगच्या टोपीतही थोडं. कार्बोरेटरच्या हवेच्या नळ्या खाली लोंबतात. त्यांची तोंडं पाण्यात गेली, की आत हवा शिरत नाही आणि पेट्रोल उतरत नाही. त्या सीटखाली उंच बांधल्या. गाडी बुडालीच, तर आधी प्लग काढून पाणी बाहेर काढायचं. ऑइल दुधाळ दिसलं, तर तेही बदलायचं.

आजी ओट्यावरून हे सारं पाहत होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, तेव्हा ती नारायण पेठेत नवी सून होती. अंगावरच्या लुगड्याखेरीज काही उरलं नव्हतं. एरवी ती त्यावर बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "गाडीच्या नाकात पाणी जाऊ नये म्हणून एवढं केलंस. तुझ्या रे?"

मी हसण्यावारी नेलं.

रविवारी ओढ्याशी पोचलो. पाणी गढूळ, तळ दिसेना. काठी घेऊन उतरलो; चार पावलांत मांडीपर्यंत पाणी आलं आणि पायाखालची वाळू सरकू लागली. काठी तिथेच टाकली, गाडी वळवली. मिस्त्रींना अजून सांगितलेलं नाही.