मातीखालचा शेजारी

बेळगाव सोडलं तेव्हा वळवाच्या सरीनं रस्ते ओले होते. एकाच जिल्ह्यात किती हवा बदलते! खानापूरच्या रानात पावसाळ्यात दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही, आणि कृष्णा ओलांडून अथणीच्या पुढं जतच्या हद्दीकडं गेलं की उसाचे हिरवे पट्टे संपतात, बाभळी आणि उघडा माळ सुरू होतो. माझं आजोळ तिथलं. मे महिन्याच्या अखेरीस मुलाला घेऊन चार दिवस राहायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ओढ्याकाठी कुंपणाच्या खांबासाठी खड्डा खणत होते. कुदळीबरोबर मातीचं एक ढेकूळ वर आलं आणि चक्क हललं! लिंबाएवढा गोल, आखूड तोंडाचा, मातकट ठिपक्यांचा बेडूक. आजूबाजूला पाण्याचा टिपूस नाही. मुलानं विचारलं, "मेलाय का हो, आजोबा?"

"मरतोय कशाला? झोपलाय त्यो," म्हणत मामांनी तांब्यातलं थोडं पाणी मातीवर ओतलं. बेडूक त्या ओलीवर पोट टेकून बसला. आपल्याला वाटतं, बेडूक तोंडानं पाणी पीत असेल. तसं नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून तो पाणी शोषून घेतो. थोड्या वेळानं त्यानं मागचे पाय हलवायला सुरुवात केली. त्याच्या मागच्या पावलांना खुरप्यासारखा एक कठीण उंचवटा असतो. त्यानं माती बाजूला सारत तो उलटा, पाठीमागून जमिनीत शिरतो. आमच्या डोळ्यांदेखत तो गडप झाला.

इंग्रजीत याला 'बरोइंग फ्रॉग', म्हणजे खणणारा बेडूक म्हणतात. 2017 साली पुण्याच्या अभ्यासकांनी याच्याच कुळातली एक जात वेगळी ठरवून तिला 'पश्चिमा' असं नाव दिलं. बेडकाची कातडी पातळ. उन्हात बसला तर अंगातलं पाणी उडून जायचं. म्हणून तो उन्हाशी झुंजत नाही, उन्हाला टाळतो. जिथं ओल टिकते तिथवर खाली जातो आणि अंगाचा सगळा कारभार मंद करतो. श्वास कमी, हृदयाचे ठोके कमी. अंगातल्या चरबीवर दिवस काढतो. बेडकाच्या मूत्राशयातलं पाणीही वाया जात नाही, गरजेला ते पुन्हा अंगात घेता येतं. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला एक बेडूक तर जमिनीखाली आपल्याच सुटलेल्या कातडीच्या थरांचा कोष करून त्यात बसतो. तिथले आदिवासी अडीनडीला त्याला उकरून, दाबून त्याच्या अंगातलं पाणी पीत.

घरी आल्यावर मामींनी न्हाणीघरातला पाहुणा दाखवला. रांजणामागं भिंतीला चिकटलेला, पाय पोटाशी घेतलेला झाडबेडूक. हा माती खणत नाही. कातडीतून स्रवणारा तेलकट पदार्थ पायांनी अंगभर पुसून घेतो, त्यामुळं पाणी कमी उडतं. आपण थंडीत तेल चोळतो तसंच की! मामी माहेरच्या कन्नड, त्यांच्या तोंडी ही 'कप्पी'. "पाऊस झाला की जाईल आपणच," म्हणून त्या तिला कधी हाकलत नाहीत.

जेवताना मामांनी सांगितलं, ओढ्याकडचा खोलगट भाग भरून घ्यायचाय. जेसीबी ठरलाय. "पावसात डबकं साचतं, पेरता येत नाही. अर्धा गुंठा जागा फुकट." मी गप्प राहिले. शेत त्यांचं, कष्ट त्यांचे. पण मनात सकाळचा बेडूक होता. महिनोन्‌महिने तो ज्याची वाट पाहतो, ते हेच डबकं. त्यातच अंडी, त्यातच पिल्लं, आणि पाणी आटायच्या आत काही आठवड्यांत शेपूट गळून पाय फुटले पाहिजेत. 1987 साली सरकारनं बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, पण डबकं भरायला कोण अडवणार? ऊन त्याला मारत नाही. वर आल्यावर पाणीच नसलं तर मात्र त्याची सगळी वाट फुकट जाते.

निघायच्या आदल्या रात्री आभाळ गडगडलं. अमेरिकेतल्या वाळवंटी बेडकांना जमिनीखाली पावसाची धडधड कळते आणि ते वर येतात, असं अभ्यासकांना दिसलंय. आमच्या बेडकाला काय कळलं कोण जाणे! तासाभराच्या सरीनंतर ओढ्याकडून असा गलका उठला की मामी उठून बसल्या.

"मळी बंतु! कप्पी ओदराक हत्त्याव!" पाऊस आला, बेडकं ओरडायला लागली. अंधारातसुद्धा त्यांच्या आवाजातला आनंद कळत होता. दोन वर्षं मिरग कोरडा गेलेल्या घरात त्या ओरडण्यानं कुणाची झोप मोडली नाही, उलट सगळे जागे राहून ऐकत बसलो.

सकाळी मामा मुलाला घेऊन डबक्यावर गेले. काठाच्या पाण्यात काळ्या ठिपक्यांची अंडी तरंगत होती. मामा बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले. मग म्हणाले, "जेसीबीवाल्याला फोन करतो. दिवाळीनंतर बघू म्हणावं."

दिवाळीनंतर काय होईल, मला ठाऊक नाही. पण तोवर त्या अंड्यांतली पिल्लं मातीखाली गेलेली असतील.