वाटणीतली फियाट

जुनी मोटारगाडी घरच्या अंगणात सुटी करून पुन्हा उभी करणे हा निवृत्त माणसाचा छंद समजला जातो. आमच्या घरी तो वाटणीचा प्रश्न होता. वडील २०११ साली गेले. घराची वाटणी समजुतीने झाली. कडुलिंबाखालच्या पत्र्याच्या शेडमधली १९६९ सालची फियाट ११०० डिलाइट तेवढी वाटावयाची राहिली. गाडीचे तीन तुकडे करता येत नाहीत. धाकटा भाऊ पुण्याहून म्हणाला, "भंगारात द्या." वसईला दिलेली बहीण म्हणाली, "राहू द्या." आईने मत दिले नाही. ती रोज सकाळी शेडसमोरचा पाचोळा मात्र झाडत असे.

वडील कापड गिरणीत विणाई-मास्तर होते. १९७८ साली त्यांनी ही गाडी जुनी म्हणून घेतली, कारण नव्या फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचे माहेर सोलापूरच, असे ते गमतीने म्हणत, आणि त्यात तथ्यही होते. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातला. बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचे कंत्राट घेऊन ज्यांनी उद्योगाला सुरुवात केली, त्यांनी पुढे जहाजे, विमाने आणि १९४४ मध्ये मोटारींचा कारखाना इथवर मजल मारली. फियाटची गाडी कुर्ल्यात जोडली जाऊ लागली ती पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी. वालचंद १९५३ मध्ये निवर्तले. आमच्या गाडीची धाकटी बहीण म्हणजे 'पद्मिनी'. मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३ सालची. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ रोजी तिची सेवा संपली. त्याच वर्षी मी निवृत्त झालो आणि शेडचे कुलूप काढले.

वसईच्या वाचकांना आश्चर्य वाटेल, पण बारा वर्षे उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा बऱ्यापैकी शाबूत होता. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत गाडीची जमीन खालून चाळणीसारखी होते. सोलापूरची कोरडी हवा लोखंडावर दया करते. तिचा राग रबरावर. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यांनी काचांच्या कडांची रबरे बिस्किटासारखी केली होती आणि सीटचे रेक्झिन तडकले होते. सीटवर आईने अंथरलेली सोलापुरी चादर मात्र जशीच्या तशी! तिच्यावरचा मोर झटकला तर पुन्हा नवा.

हाताशी एक वृद्ध मिस्त्री मिळाले. त्यांनी उभे आयुष्य फियाटच्या पोटाखाली काढले आहे. टॅपेटचा आवाज ते डोळे मिटून ऐकतात. त्यांच्या हाताला आता कंप आहे. म्हणून ते स्टुलावर बसून सांगत आणि मी व माझी मुलगी पाने फिरवीत असू. इंजिन उतरविले तेव्हा चारही पिस्टन जागीच चिकटलेले निघाले. आठ दिवस त्यांवर तेल सोडून ठेवल्यावर ते हलले. हे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे; सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५. खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. या दोन धातूंचे तापण्याचे प्रमाण भिन्न, म्हणून इंजिन एकदा फार तापले की हेड वाकते व गॅस्केट जाते. सोलापूरच्या चालकांना हे अनुभवाने ठाऊक असे. दुपारी रस्त्यात पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली की वडील पेट्रोल-पंपावर ओले फडके ठेवून झाडाखाली थांबत. आम्हा मुलांना ती सहलच वाटे.

मिस्त्री सांगत ते सर्व मुलगी वहीत लिहून घेई. घरात अशी एक वही आधीच होती, हे तेव्हा आमच्या लक्षात नव्हते. ती गाडीच्या कप्प्यात, संत ख्रिस्तोफरच्या पितळी पदकाबरोबर एका कापडी पिशवीत निघाली. वडिलांनी १९७८ पासूनचा प्रत्येक खर्च, प्रत्येक दुरुस्ती तीत तारखेनिशी मांडली होती.

येथे १९८३ चा मे महिना सांगणे आले. त्या वेळचे उस्मानाबाद, आताचे धाराशिव, येथून आम्ही परत येत होतो. तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेकचे पेडल एकाएकी तळाला गेले. त्या काळच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे हिच्याही चारही चाकांना एकाच वाटेने ब्रेक ऑइल जाई. एका चाकापाशी रबर फाटले की चारही ब्रेक निकामी. रबराचे वय झाले होते, त्यात कुणाचा दोष नव्हता. वडिलांनी गिअर उतरवीत, हातब्रेक ओढीत गाडी दरडीच्या मातीला घासून थांबविली. पुढच्या लांबलचक सीटवर मधोमध बसलेला अकरा वर्षांचा धाकटा समोरच्या लोखंडी फळीवर आपटला. दोन दात गेले, भुवईवर खूण राहिली. त्यानंतर तो त्या गाडीत कधी बसला नाही. शाळेला सायकलने गेला, रविवारी मिस्साला चालत गेला. वडील त्या प्रसंगाविषयी कधी बोलले नाहीत. धाकट्याने त्या मौनाचा जो अर्थ लावला, तो त्याच्या 'भंगारात द्या' या दोन शब्दांत होता.

वहीत मात्र नोंद होती. मे १९८३ : मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, नळ्या नव्या. मे १९८४ : ब्रेकची सर्व रबरे नवी. मे १९८५ : तेच. इतक्या वेळा रबरे बदलण्याची गरज नसते, असे मिस्त्रींचे स्पष्ट मत. तरी २०१० च्या मे महिन्यापर्यंत एकही वर्ष सुटलेले नाही. गिरणी बंद पडल्यानंतरच्या ओढगस्तीच्या वर्षांतही नाही. कारण कुठेही लिहिलेले नाही.

गाडी वडिलांच्याच नावावर होती. मालकाच्या मृत्यूनंतर ती वारसाच्या नावे करावयाची तर नमुना ३१ भरावा लागतो आणि इतर वारसांची संमतीही लागते. भावाकडे संमतीपत्र पाठविताना मी वहीतल्या त्या सत्तावीस नोंदींच्या छायाप्रती सोबत जोडल्या. पत्र लिहिले नाही. तीन आठवड्यांनी सही आली. मागे एक अट : "आई त्यात बसणार असेल तर पट्टे आणि दुहेरी ब्रेक हवेत. नाहीतर शोभेला ठेवा."

या अटीने आमचा मोठा वाद मिटविला. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीला 'व्हीए' अक्षरांची खास नोंदणी मिळते. पण गाडी मूळ रूपात असली पाहिजे, आणि ती नित्य वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. हौशी मंडळी मूळ स्क्रूसाठी मुंबईचे भंगार बाजार पालथे घालतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे, परंतु चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला प्रदर्शनात नेऊन बसवावयाचे नव्हते. आम्ही नेहमीचीच नोंदणी ठेवली. मूळ रचनेत बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, म्हणून काय बदलणार ते लेखी मांडून आधी विचारले. त्यात महिने गेले.

दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसविला. आता पुढची चाके एका वाटेवर, मागची दुसरीवर. एक वाट फुटली तरी दुसरी उरते. पट्ट्यांसाठी जमिनीला व मधल्या खांबाला आतून जाड पत्रे जोडले, कारण जुन्या पातळ पत्र्यात नुसता बोल्ट अडकविला तर धक्क्याला तो पत्र्यासकट निघून येतो. डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. पेट्रोलच्या नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने उदंड. त्यांच्या उसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळते आणि जुन्या रबराला फुगविते. सोलापूरच्याच उसाने सोलापूरच्या गाडीची नळी खावी, यावर मिस्त्री पोटभर हसले!

आईची एकच मागणी होती : आवाज बदलू नका. सोलेक्स कार्ब्युरेटर, सायलेन्सरची मूळ घडण आणि स्टिअरिंगखालचा हातगिअर आम्ही तसेच ठेवले. पहिल्यांदा इंजिन लागले तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. ती बाहेर आली नाही, आतूनच म्हणाली, "चोक आत ढकल, ओढून धरू नकोस." वडील मला हेच सांगत.

गेल्या नाताळात धाकटा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेला, चालकाच्या जागी बसला आणि ब्रेकचे पेडल दाबून धरले. मिस्त्री हीच परीक्षा घेतात : कुठे गळती असेल तर दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाते. तो बराच वेळ पाय न हलविता बसला होता. पेडल जागचे हलले नाही.

"रबरं पुढं कधी बदलायची, दादा?" त्याने विचारले.

"दरवर्षी गरज नसते," मी म्हणालो.

"मे महिन्यात मी येतो," तो म्हणाला आणि वही मागितली. रस्त्यावर तो त्या गाडीतून अजून आलेला नाही.