साठ गुंठे आणि एक फाटक

रायगडच्या किनाऱ्यावर मोकळी जागा नाही, असं कोणी म्हणणार नाही. मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत पुळणी आहेत, पेणकडे खाजणं, उरणला मिठागरं, रोहा-नागोठण्याकडे कारखान्यांचे पट्टे. तरीही आमच्या छोट्या मोटार क्लबला एखादा रविवार गाड्या मनसोक्त चालवायला परवडणारी जागा शोधताना नाकी नऊ आले.

आमच्यात शर्यतपटू कोणी नाही. गॅरेजवाला, बँकेतला अधिकारी, दंतवैद्य, होम-स्टे चालवणारे दोघे भाऊ अशी मंडळी. गाड्याही रोजच्याच: स्विफ्ट, पोलो, एक जुनी एस्टीम. आपली गाडी वळणात किती तग धरते, ब्रेक कुठवर साथ देतात, हे दुसऱ्याच्या जिवाला धोका न होता कळावं, एवढीच हौस. ते कार्लेखिंडीच्या वळणांवर करून बघणारे आहेत आणि त्यांचे अपघातही आम्ही पाहिलेत. म्हणून जागा हवी होती.

आधी तयार ट्रॅकचा हिशोब मांडला. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक १९९० पासून आहे. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट फॉर्म्युला वनमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे तळेगावजवळ नाणोलीला ट्रॅक झालाय, आणि लोणावळ्यापुढे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. पण अख्खा ट्रॅक घ्यायचा तर भाडं दिवसावर ठरतं, गाड्या किती आल्या याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ऐंशी गाड्यांच्या क्लबला जे हसतखेळत जमतं, ते वीस-बावीस गाड्यांत वाटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी येतं. वर डिझेल-पेट्रोल, टोल, रात्रीचा मुक्काम आणि एका दिवसात झिजलेले ब्रेक पॅड. दक्षिणेत जायचं तर कामाच्या दिवसांची रजाही.

मग ठरवलं, वेग सोडायचा, वळणं धरायची. ऑटोक्रॉसला लांबलचक ट्रॅक लागत नाही. सपाट आवारात नारिंगी कोन मांडून वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्ये असते, फेरी मिनिटभरात संपते. कोन पडला की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात. शंभर मीटर लांब, साठ मीटर रुंद जागा पुरते. आमच्याकडच्या भाषेत साठ गुंठे, म्हणजे दीड एकर.

साठ गुंठ्यांचं गणित ठरल्यावर पहिलं नाव अर्थातच पुळणीचं निघालं. ओहोटीला अलिबागची पुळण कुलाबा किल्ल्यापर्यंत उघडी पडते, ओली वाळू घट्ट असते, भाडं शून्य. शिवाय आमच्या किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती पुळणीवरच होत आल्या आहेत. बैलांना चालतं तर मोटारींना का नाही, असा काहींचा सवाल होता. शर्यतीचं आयोजन करण्यात हयात गेलेल्या गावातल्या एका काकांकडे आम्ही सल्ल्याला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे कायदा कुठला आहे?"

प्रश्न वर्मावर होता. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडी शर्यतींवर बंदी घातली. पुढे राज्याने कायदा केला, नियम केले, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पशुवैद्यकाची तपासणी असं सगळं रीतसर करावं लागतं. "आमची इतकी वर्षं कोर्टात गेली, तेव्हा कुठे बैल पळाला," काका म्हणाले. "तुम्ही रविवारी सकाळी चार गाड्या घेऊन जाल आणि दुपारी पोलीस ठाण्यात बसाल."

घरी येऊन मोटार वाहन कायदा काढला. सार्वजनिक ठिकाणी राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून मोटारींची शर्यत किंवा वेगाची चाचणी केली, तर कलम १८९ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि सार्वजनिक ठिकाण कोणतं? जिथे जायचा हक्क लोकांना आहे ते. पुळण त्यात चपखल बसते. तिथे सकाळी कोळणी मासळी वाळत घालतात, पोरं क्रिकेट खेळतात, पर्यटक घोडागाडीत बसतात. दिवेआगर, हरिहरेश्वरकडे ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी पुरून जातात; वरून टायर गेला तर खाली काय होतं ते सांगायला नको. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा किनारपट्टी नियमनाखाली येतो तो वेगळाच. अमेरिकेत डेटोनाला मोटारी पुळणीवर पळायच्या, पण १९५९ मध्ये बांधीव ट्रॅक झाल्यावर त्यांनीही वाळू सोडली. आम्ही पुळणीवर काट मारली आणि ते बरंच झालं. दर सुट्टीत कोणाची तरी एसयूव्ही वाळूत रुतते, भरती चढते आणि गावकऱ्यांना ट्रॅक्टर जुंपावा लागतो.

दुसरा धडा विम्याच्या कागदाने दिला. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' म्हणून एक छोटा परिच्छेद असतो. त्यात संघटित शर्यत, वेगाची चाचणी, भाड्याने वापर हे सगळं विम्याबाहेर ठेवलेलं असतं. अगदी बारीक अक्षरांत. दंतवैद्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा खोलीत शांतता पसरली. गाडीचं नुकसान ज्याचं त्याने सोसायचं, हे प्रत्येकाकडून लिहून घ्यायचं आणि त्रयस्थाला इजा झाली तर त्यासाठी कार्यक्रमाचा वेगळा दायित्व विमा काढायचा, असं त्याच बैठकीत ठरलं. जागेच्या भाड्याआधी हा खर्च धरायला आम्ही तेव्हा शिकलो.

मग जागांची पाहणी सुरू झाली. भाताची शेतं कापणीनंतर मोकळी दिसतात, पण बांध आडवे येतात आणि अलिबागकडे लगेच वाल किंवा पांढरा कांदा लागतो. कॉलेजचं मैदान मिळालं असतं, पण टायरने उखडलेली माती पुन्हा कोण दाबून देणार? लग्नाच्या लॉनचा मालक आनंदाने तयार झाला, कोनांचा नकाशा बघितल्यावर गप्प झाला. न्हावा शेव्याकडची कंटेनर यार्डं पाहून जीव हरखतो. भक्कम काँक्रीट, नजर पोहोचेल तिथवर सपाट. पण तिथे रविवार नसतो; ट्रेलर रात्रंदिवस आत-बाहेर करतात. एका ठिकाणी तोंडी होकार मिळाला आणि आदल्या संध्याकाळी नकाराचा फोन आला. कोन, रुग्णवाहिका, जेवणाची ऑर्डर, सगळं ठरलं होतं. तेव्हापासून मालकाच्या सहीचा कागद हातात आल्याशिवाय आम्ही तारीख जाहीर करत नाही.

जागा शेवटी पेणच्या अलीकडे मिळाली. बंद पडलेल्या कारखान्याचं ट्रक उभे करायचं आवार. मालकाची अट साधी होती: राखणदाराचा दिवसाचा पगार, सफाई आणि ठरलेली रक्कम, आत दारू नाही, पाचच्या आत फाटक बंद. आम्ही टेप घेऊन मोजलं. जागा भरली, पण मधोमध दिव्याचा लोखंडी खांब आणि एका कडेला उघडं गटार. खांबाभोवती जुने टायर रचून बांधले आणि सगळी वाट त्याच्यापासून लांब फिरवली. गटाराकडे तोंड करून एकही जोराचं वळण ठेवलं नाही. काँक्रीटच्या सांध्यांत पावसाळ्याचं शेवाळ सुकून काळं पडलं होतं. ते पायाला कोरडं लागतं, पण दव पडलं की टायर त्यावर साबणासारखा घसरतो. म्हणून खराट्याने घासून काढलं आणि पहिली गाडी ऊन चढल्यावरच सोडायची, असं ठरवलं.

सकाळी गाड्यांची तपासणी. चाकांचे नट, बॅटरीची पट्टी, डिकीतली स्टेपनी आणि जॅक, पायाखालची बाटली असं सुटं सामान बाहेर. हेल्मेट नाही तर फेरी नाही. प्रत्येक वळणावर लाल झेंडा आणि अग्निशामक घेऊन एक माणूस. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी माहिती दिलेली, रुग्णवाहिका फाटकाच्या आत उभी. त्या दिवशी सर्वांत कमी वेळ एस्टीमने नोंदवला आणि नव्या टर्बोवाल्यांनी कोन झोपवले.

खर्च दरडोई वाटला तेव्हा तो मुंबईतल्या एका बऱ्या जेवणाइतका आला. त्यात रुग्णवाहिका आणि विम्याचा वाटा जागेच्या भाड्याहून मोठा होता. जागा स्वस्त मिळाली ती वेग कमी ठेवला म्हणून, आणि ती वापरता आली ती फाटकामुळे. ज्या आवारात कोणीही सहज शिरू शकत नाही, जिथे मालक एकच आहे आणि तो कागदावर सही करतो, ती जागा छोट्या क्लबला परवडते. फुकटची पुळण परवडत नाही, कारण ती सगळ्यांची आहे.

औद्योगिक वसाहतींत, ट्रक टर्मिनलांत अशी आवारं सुट्टीच्या दिवशी रिकामी पडलेली असतात. तुमच्याकडे किंवा ओळखीत असं साठ गुंठ्यांचं काँक्रीट असेल, तर गावातल्या क्लबला एक रविवार देऊन पाहा. विम्याचा कागद आधी मागा. तो नसेल तर फाटक उघडू नका.