अंगालगतची लोकर

मराठवाड्यातील माणसास कापूस निवडावा लागत नाही. तो जन्मापासून अंगावर असतोच. नांदेडची उस्मानशाही गिरणी बंद पडली, तरी लातूर जिल्ह्यातील उदगीरला खादी विणली जाते आणि नांदेडला तिचे राष्ट्रध्वज होतात. म्हणून आम्ही तिघांनी, म्हणजे नांदेडच्या दोघांनी आणि लातूरच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी, हेमकुंडास जाण्याचे ठरविले तेव्हा सर्वांत अवघड प्रश्न चढणीचा ठरला नाही. आत काय घालावे, हा ठरला.

हेमकुंड नांदेडकरास परके नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली देह ठेवला तो येथे, गोदाकाठी. आणि पूर्वजन्मी त्यांनी तप केले ते हेमकुंडापाशी, अशी शीख परंपरेची श्रद्धा आहे. सचखंड एक्सप्रेसने दिल्ली, पुढे ऋषिकेशमार्गे गोविंदघाट, मग घांघरियाचा मुक्काम. दुसऱ्या दिवशी सुमारे ६ किलोमीटरची खडी चढण चढून ४,००० मीटरपलीकडील तळ्याशी पोचायचे. वर मुक्काम करता येत नाही. त्याच दिवशी उतरावे लागते.

प्रश्नाचे मर्म या चढणीतच आहे. चढताना अंग घामाने निथळते आणि वर थांबताच बर्फावरून येणारा वारा गाठतो. मे महिन्यात आपण ओले उपरणे डोक्यावर घेतो, कारण पाण्याची वाफ होताना ती अंगातील उष्णता घेऊन जाते. घामाने चिंब झालेली सुती बनियन हेमकुंडावरही तेच काम इमाने करीत राहते, आणि तेथे ते जिवावर बेतू शकते. धागा बेइमान झालेला नसतो. मुलूख बदललेला असतो.

लोकरीची रीत निराळी. तिचा तंतू बाहेरून पाणी झटकतो, पण बाष्प मात्र आत घेतो. स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प सामावूनही ती हाताला ओली लागत नाही. तंतूंच्या कुरळेपणात हवा अडकून राहते, म्हणून दमट झाली तरी तिची ऊब पुरती जात नाही. घामाचा वासही ती लवकर धरीत नाही, त्यामुळे दोन जोडांत प्रवास निभावतो.

मग आपली घोंगडी काय वाईट? धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर, सनगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. संतवाङ्मयात ती देहाचे रूपक होऊन येते. परंतु ती पांघरण्याची वस्तू आहे. तंतू साधारण ३० मायक्रॉनहून जाड झाला की त्याचे टोक कातडीला टोचते. मेरिनो मेंढीचा उत्तम तंतू २० मायक्रॉनच्या आतला, म्हणून टोचण्याऐवजी वाकतो. शिवाय पुरती भिजलेली लोकर लवकर वाळत नाही, हे 'भिजत घोंगडे' म्हणणाऱ्या मराठीस ठाऊकच आहे. यास्तव आतला थर पातळ हवा: चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम वजनाचा, अंगाबरोबर बसणारा, पाठपिशवीच्या पट्ट्याखाली शिवण न येणारा.

येथवर सारे सोपे होते. पण लातूरचे सर आयुष्यभर खादीखेरीज काही ल्यालेले नाहीत. ६ किलोमीटरसाठी ते व्रत मोडावे काय? आम्ही त्यांची थट्टा केली नाही. खादी म्हणजे सूतच, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः हाताने कातून हाताने विणलेली लोकर आणि रेशीम हीही खादीच. २००२ च्या ध्वजसंहितेत सुती, लोकरी आणि रेशमी अशा तिन्ही खादींना स्थान होते. पॉलिस्टर व यंत्रावरील कापड त्यात आले ते २०२१ च्या दुरुस्तीने. तेव्हा लोकरी खादीचाच सदरा घ्यावा, असे आम्ही सुचविले. सरांनीच त्यातील उणीव दाखविली. मागावरचे कापड होजिअरीसारखे ताणले जात नाही; ते अंगापासून सुटे राहते आणि घाम कातडीवरच राहतो.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "व्रत घेतलं ते कातणाऱ्याच्या पोटासाठी. माझ्या अंगाची शोभा म्हणून नव्हे," ते म्हणाले. आत मेरिनो आणि त्यावर लोकरी खादीचे जाकीट, असा त्यांचा निर्णय झाला. आम्हांला त्यात तडजोड दिसली नाही. आपण कशासाठी काय धरून आहोत, हे त्यांनी या निमित्ताने पुन्हा तपासले होते. आम्हांपैकी किती जण ते तपासतात?

खरेदीबाबत दोन शब्द. बाजारात 'वुलन' म्हणून मिळणारे पुष्कळसे कपडे अॅक्रिलिकचे असतात. लेबल वाचावे, भाषेच्या शिक्षकांस एवढे जमावे. शुद्ध मेरिनो महाग आणि नाजूक असते. थोडे नायलॉन मिसळलेले अधिक टिकते. पॉलिस्टर स्वस्त, लवकर वाळणारे, पण वास धरणारे. लोकर गरम पाण्यात चोळू नये. तंतूंवरील खवले एकमेकांत अडकतात आणि कपडा आटतो. थंड पाणी, सौम्य साबण आणि सावली.

सुती सदरे आम्ही नेणारच आहोत. ते घांघरियाला पिशवीत कोरडे राहतील आणि उतरून मैदानात आलो की त्यांचीच गरज लागेल.